उन्हातली टोपी : काठ मोजा, कापड पारखा

उन्हाळ्याचा हंगाम आला की बाजारात टोप्यांचे ढीग लागतात. हातगाडीवाला, हमाल, गवंडी, फुटपाथवर सायकली दुरुस्त करणारा कारागीर, सगळे त्या ढिगातून एखादी टोपी उचलतात. रंग आवडला, भाव पटला, डोक्यात बसली की सौदा झाला. कापडाच्या धंद्यात उमर घालवलेल्या माणसाला हा सौदा आंधळा वाटतो. सदऱ्याचे कापड आपण चिमटीत धरून पारखतो, मग दिवसभर डोके ज्याच्या भरवशावर ठेवायचे त्या टोपीचे का नाही?

ऊन ही मामुली गोष्ट राहिलेली नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे पुरस्कार सोहळ्यासाठी उघड्या मैदानात बसलेल्यांपैकी १४ जण उन्हाच्या तडाख्याने दगावले. ते तर काही तासांचे नुसते बसणे होते. आमचा हमाल त्याच उन्हात दिवसभर गाठी उचलतो.

प्रथम आकार पाहा. पुढे चोच असलेली क्रिकेटची टोपी कपाळावर सावली धरते, पण कान आणि मान उघडीच राहते. जाळीची टोपी नमाजसाठी ठीक, उन्हासाठी तिचा उपयोग नाही. उन्हात काम करणाऱ्याला चौफेर काठाची हॅट हवी आणि काठ किमान ३ इंच हवा. ती मऊ कापडाची असेल तर नमाजच्या वेळी घडी करून खिशात ठेवता येते. शेतकऱ्याच्या जुन्या मुंडाशातही हाच हिशेब होता : डोक्यावर कापडाचे अनेक पदर आणि मानेवर सोडलेला शेमला.

आता कापड. ते उजेडासमोर धरा. विणीतून जितका उजेड झिरपतो तितके ऊनही आत येते. मलमल अंगाला गार लागते, पण तिच्या एका पदराने ऊन अडत नाही. घट्ट विणीचे सुती ड्रिल उत्तम. पॉलिस्टर ऊन अडवते, मात्र घाम शोषत नाही आणि डोके उकडते. वरचा रंग फिकट असावा म्हणजे टोपी कमी तापते. काठाची खालची बाजू गडद असेल तर जमिनीवरून येणारी चकाकी डोळ्यांना कमी लागते. टोपी डोक्याला आवळणारी नसावी, वर थोडी पोकळी आणि बाजूला हवेची छिद्रे असावीत.

दोन इशारे. हनुवटीखालची दोरी वाऱ्यात उपयोगी पडते, पण चालत्या यंत्राजवळ तीच गळफास होऊ शकते, तेथे ती काढून ठेवावी. बांधकामावर हेल्मेटच्या जागी कापडी हॅट चालणार नाही, हेल्मेटच्या मागे मानेवर कापडाची झालर लावावी.

दुकानदार बंधूंना एक सांगणे आहे. पॉलिस्टरची टोपी 'प्युअर कॉटन' म्हणून विकू नका. गिऱ्हाइकाला शंका आली तर तो एक सूत काढून जाळून पाहील. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात. मालात खोट ठेवून मिळालेल्या पैशात बरकत नसते, आणि येथे तर त्या खोटीची किंमत दुसऱ्याचे डोके मोजते.

ज्यांच्याकडे माणसे कामाला आहेत त्यांनी टोपीचा खर्च मजुरावर टाकू नये. बरी सुती हॅट एका दिवसाच्या मजुरीत सहज येते. बैलगाडीवाला बैलाला सावलीत बांधतो, आपण तर माणसांकडून काम घेतो.

मात्र टोपी दिली म्हणजे जबाबदारी संपली असे नव्हे. ती ऊन अडवते, हवेतली गरमी अडवत नाही. दुपारचे जड काम सकाळी उरकावे, पाणी हाताशी ठेवावे, सावलीत विश्रांती द्यावी. कोणी उन्हात बरळू लागला किंवा भोवळ येऊन पडला, तर त्याला सावलीत नेऊन अंग ओले करा, वारा घाला आणि वेळ न दवडता दवाखान्यात पोचवा. मजूर धडधाकट राहिला तरच आपला कारभार चालतो, हे प्रत्येक मालकाने हंगाम सुरू होण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.