बोलेल हो, घाई काय आहे?

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. मुलगा वीस महिन्यांचा. चालायला वेळेवर लागला, खातो-पितो, अंगानेही छान आहे. पण हाक मारली तर वळून पाहत नाही. कुकरची शिट्टी झाली की मात्र स्वयंपाकघराकडे धावतो. खेळण्यातली मोटार उलटी करून तिचे चाकच फिरवीत बसतो. सासूबाई म्हणतात, “याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. बोलेल हो, घाई काय आहे?” यजमान त्यांचीच री ओढतात. “ताई, मी उगीच काळजी करते का?” असे तिने विचारले आहे.

नाही, उगीच नाही.

मी बालवर्गावर अर्धवेळ शिकवते; डॉक्टर नाही. पत्रावरून निदान मी करणार नाही, आणि कोणी करूही नये. पण स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, याचा इतिहासच मुळी एका पालकाच्या पत्रापासून सुरू होतो, बरं का! १९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातील एका वकिलाने आपल्या डोनाल्ड नावाच्या मुलाबद्दल बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना चांगले ३३ पानी पत्र लिहिले. मुलगा एकटा असला की खूश असतो, वस्तू गरगरा फिरवतो, असे सगळे बारकाईने. कॅनरनी १९४३ मध्ये ११ मुलांवर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यातला पहिला मुलगा हाच. हा डोनाल्ड पुढे बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवू लागला आणि २०२३ मध्ये ८९ वर्षांचा होऊन वारला.

आता सासूबाईंचे म्हणणे. त्या खोटे बोलत नाहीत. उशिरा बोलून पुढे फडाफडा बोलणारी मुले असतातच. म्हणून नुसते शब्द मोजू नका, बोटाकडे पाहा. दीड वर्षाच्या आसपासचे मूल गच्चीवरून विमान दिसले की बोट दाखवते आणि लगेच वळून आपल्या तोंडाकडे बघते. “आई, तूसुद्धा बघ ना!” असे ते न बोलता सांगत असते. शब्द नसले तरी टाटा करते, मान हलवून ‘नको’ म्हणते. उशिरा बोलणाऱ्या पुष्कळ मुलांत हे सगळे असते. स्वमग्न मुलात ते बरेचदा कमी असते किंवा नसते. त्याला बिस्किट हवे असेल तर ते बोट दाखवणार नाही. आपला हात धरून डब्याकडे नेईल, जणू हात म्हणजे एखादी पक्कड! नावाने हाक मारल्यावर वळून पाहणे तर वर्षाच्या आतच यायला हवे. आणि येत असलेले शब्द किंवा टाटा करणे थांबले, तर एक आठवडाही वाट पाहू नका.

जाणकार तज्ज्ञ दोन वर्षांच्या सुमारास खात्रीचे निदान करू शकतात. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ मुलांचे निदान चौथ्या वर्षानंतर होते, अगदी अमेरिकेतसुद्धा. आपल्याकडे तर शाळेतल्या बाईंची चिठ्ठी येईपर्यंत घरचे “बोलेल हो” म्हणत असतात. खेळातून संवाद शिकवायची, वाचाउपचाराची ही मोलाची वर्षे हातची जातात.

आणखी एक. आईने नोकरी केली म्हणून, माया कमी पडली म्हणून असे झाले, हे ऐकून घेऊ नका. आईला दोष देणारी ती कल्पना शास्त्राने केव्हाच टाकून दिली आहे. लशीमुळे होते हेही खोटे; १९९८ मध्ये ज्या लेखाने ती भीती पसरवली, तो त्या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. ‘पूर्ण बरे करतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यापासून तर लांबच राहा.

तर या भगिनीने काय करावे? आधी कान तपासून घ्यावेत. शिट्टी ऐकू येते म्हणजे कान ठीक, असे नसते. काही आवाज ऐकू येतात, काही येत नाहीत, असेही होते. स्वमग्नता रक्त तपासून किंवा फोटो काढून कळत नाही. ती कळते मुलाकडे पाहून आणि आईवडिलांना विचारून. म्हणून एका वहीत पंधरा दिवस तारीखवार लिहून ठेवावे : किती हाका मारल्या, किती वेळा वळला, कशाकडे बोट दाखवले. मोबाईलवर दोन-चार चित्रफिती घ्याव्यात, कारण दवाखान्यात मूल एक तर रडते नाहीतर झोपते. मग बालरोगतज्ज्ञांकडे जावे. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करावी. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अशी केंद्रे उभी राहिली आहेत. निदानाचा कागद मिळेपर्यंत वाचाउपचार अडवून ठेवण्याचे काही कारण नाही.

सासूबाईंना बरोबर न्यावे, म्हणजे घरी येऊन पुन्हा समजवावे लागत नाही. आणि डॉक्टरच “थांबू या” म्हणाले, तर कशासाठी आणि कधीपर्यंत ते विचारावे, आणि ती तारीख तिथल्या तिथे भिंतीवरच्या कॅलेंडरसाठी टिपून घ्यावी.