बाऊ निकालाचा नाही, ताटकळण्याचा

‘निकालाचा एवढा बाऊ कशाला?’ हे पत्र वाचले. पत्रलेखकांच्या मते आजची मुले फार हळवी. पूर्वी नापास झालेला मुलगाही संध्याकाळी क्रिकेट खेळायला जाई. जात असेल. पण तेव्हा गुणपत्रिका हातात पडली की जवळच्या कॉलेजात अर्ज भरायचा आणि फलकावर यादी लागायची वाट पाहायची.

2025 मध्ये दहावीचा निकाल 13 मे रोजी लागला. अकरावीची पहिली यादी उजाडायला जूनअखेर झाली. त्याच वर्षी ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाले आणि 21 मे रोजी, पहिल्याच दिवशी, संकेतस्थळाने मान टाकली. नोंदणी 26 मेपासून सुरू झाली. तोवर आमची मुलगी वहीत दहा पसंतिक्रम खोडून पुन्हा लिहीत होती. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर प्रवेश घेणे सक्तीचे, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद, हे ती आजीला समजावत होती. (आजीचा प्रश्न एकच: ‘पण पास झालीस ना?’) याला हळवेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी टक्के विचारत फिरू नये, हे मात्र शंभर टक्के मान्य. नातेवाइकांच्या ग्रुपवर तर मुळीच नको.

शिक्षण विभागाला विनंती एवढीच: निकालाच्या दिवशीच सर्व फेऱ्यांच्या तारखा जाहीर करा, त्या पाळा आणि समुपदेशकांचे फोन शेवटच्या फेरीपर्यंत चालू ठेवा.

– एक पालक, सातारा