खेळाडूने कार्टूनच्या घरी पाहुणं म्हणून जावं

नामवंत खेळाडू आणि जुनी लाडकी कार्टून पात्रं एकत्र आणून काढलेले कौटुंबिक सिनेमे म्हणजे दोन तासांची जाहिरात, आणि त्यांचे पुढचे भाग म्हणजे त्याच जाहिरातीची दुसरी फेरी, असं मत शिकलेल्या पालकांमध्ये चांगलंच रुजलं आहे. पुण्या-मुंबईत ते ऐकू येतं, तसं नंदुरबार-शहाद्यातही ऐकू येतं. त्याला जोडून आणखी दोन आक्षेप येतात. अभिजात पात्रांना हात लावणं म्हणजे त्यांचा अवमान, हा एक. आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या अमेरिकन सशाशी सातपुड्यातल्या पोरांना काय देणंघेणं, हा दुसरा. तिन्ही आक्षेपांत थोडंथोडं तथ्य आहे. पण मुलांना या प्रकारापासून लांब ठेवावं आणि मराठी सिनेमाने त्या वाटेला जाऊच नये, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मला साफ अमान्य आहे.

आधी जाहिरातीचं बघू. या प्रकारातला सर्वांत गाजलेला सिनेमा म्हणजे १९९६ चा 'स्पेस जॅम'. त्याचा जन्म जाहिरातीतूनच झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९९२ मध्ये नायकेने बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डन आणि कार्टून ससा बग्ज बनी यांना एकत्र आणून बुटांची जाहिरात केली. ती जो पिटका यांनी दिग्दर्शित केली होती आणि पुढे सिनेमाही त्यांनीच केला. पण जन्मावरून मोल ठरवायचं असेल, तर ज्या अभिजात पात्रांच्या पावित्र्याचा दाखला दिला जातो, तीही त्या कसोटीला उतरत नाहीत. पुढे जिच्यात बग्ज आला, ती 'लूनी ट्यून्स' ही कार्टून मालिका १९३० मध्ये सुरू झाली, ती वॉर्नर कंपनीच्या मालकीची गाणी लोकांच्या कानांवर पडावीत म्हणून. त्याच कारखान्यात पुढे चक जोन्स यांच्यासारख्यांनी सात-सात मिनिटांच्या अजरामर गोष्टी घडवल्या. पैसा कुणी आणि कशासाठी घातला हा प्रश्न जरूर विचारावा. त्या पैशातून पडद्यावर काय उतरलं, हे मात्र सिनेमा पाहूनच ठरवावं लागतं.

'स्पेस जॅम'मध्ये काय उतरलं? जॉर्डनच्या वडिलांचा १९९३ च्या जुलैत खून झाला. ऑक्टोबरात त्याने बास्केटबॉल सोडलं आणि १९९४ मध्ये तो बेसबॉलच्या दुय्यम लीगमध्ये खेळला. तिथे त्याची डाळ शिजली नाही. १९९५ च्या मार्चमध्ये तो परत आला. जगातला सर्वांत यशस्वी खेळाडू भलत्याच खेळात धडपडतो आणि लोक त्याला हसतात, हे सिनेमा लपवत नाही. गोष्ट तिथूनच पुढे जाते. मग परग्रहवासीयांशी बास्केटबॉलचा सामना खेळण्यासाठी कार्टूनच्या मुलखात ओढला गेलेला जॉर्डन तिथला पाहुणा ठरतो. तिथले नियम त्याचे नाहीत. शेवटच्या क्षणी त्याचा हात रबरासारखा लांबतो आणि चेंडू टोपलीत पडतो. हा विजय त्याच्या स्नायूंचा नाही. कार्टूनच्या जगाचा कायदा मान्य केला, म्हणून तो जिंकला. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे शब्दांत सांगता येत नसेल, पण ते त्याला बरोबर कळतं. मोठा माणूस आपल्या खेळात आला, तर त्याने आपले नियम पाळायचे असतात.

आता दुसरा आक्षेप, अवमानाचा, आणि तोच सर्वांत वजनदार आहे, कारण तो खुद्द चक जोन्स यांचा होता. त्यांना हा सिनेमा आवडला नव्हता. बग्जला परग्रहवासीयांशी लढायला कुणाच्या मदतीची गरज पडणार नाही, तो एकटाच त्यांना पुरून उरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांनी बग्जला घडवलं, त्यांचा शब्द हलक्यात घेता येत नाही. तरीही मध्यंतरातला प्रसंग आठवा. संघ खचलेला आहे. बग्ज साध्या पाण्याच्या बाटलीवर जॉर्डनचं गुप्त औषध असल्याचं लिहितो, आणि ते पाणी पिऊन सगळे पेटून उठतात. सामना तिथे फिरतो. फिरवतो कोण? बग्ज, त्याच्या जुन्या लबाडीच्या बळावर. जॉर्डनच्या नावाचा त्याने उपयोग करून घेतला, इतकंच. पात्राचा स्वभाव शाबूत राहिला. जोन्स यांच्या कसोटीवरच हा प्रसंग खरा उतरतो, असं मी आदराने म्हणेन.

आणि दुसरा भाग? २०२१ चा 'स्पेस जॅम: अ न्यू लेगसी', बास्केटबॉलपटू लब्रॉन जेम्सचा. यावर मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला उभा राहतो, पण वेगळ्या कारणाने. त्याचं मूळ सूत्र फार चांगलं होतं. बापाला वाटतं मुलाने बास्केटबॉल खेळावं, मुलाला संगणकावरचे खेळ बनवायचे आहेत. बाप शेवटी मुलाला ओळखायला शिकतो. बारावीच्या क्लासला कर्ज काढून पोरांना बसवणाऱ्या आपल्या घरांत ही गोष्ट कळायला भाषांतर लागत नाही. सिनेमातला खलनायकही नेमका निवडला होता, माणसांना आकड्यांत बसवणारा संगणकी अल्गोरिदम. आणि एवढं असूनही सिनेमा त्याच खलनायकासारखा वागला. कंपनीच्या मालकीचे होते नव्हते ते सगळे सिनेमे आणि मालिका त्यात कोंबल्या गेल्या. प्रेक्षकांच्या गर्दीत 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' या हिंसक सिनेमातले गुंडही उभे केले. मुलांच्या सिनेमात! बग्ज आणि डॅफी बदक यांना आपल्याच घरात कोपरा मिळाला. सुमारे १५ कोटी डॉलर खर्चून सिनेमाने जगभरात १६ कोटींच्या आसपास मिळवले. पण उत्पन्न दुप्पट झालं असतं तरी माझं मत तेच राहिलं असतं. हा दोष पुढच्या भागाचा नाही आणि खेळाडूचाही नाही. दोष आहे तो घरच्यांना पाहुणे करण्याचा.

आपल्याकडेही याची नोंद घ्यायला हवी. २०१९ मध्ये विराट कोहलीवर 'सुपर व्ही' ही कार्टून मालिका आली. तिच्यात पंधरा वर्षांचा विराटच महाशक्ती असलेला नायक आहे. त्याला चिडवणारा, त्याच्या पायात पाय घालणारा असा कुणी बग्ज त्याच्याशेजारी नाही. खेळाडूचा देव केला की मुलांच्या वाट्याला फक्त टाळ्या उरतात.

तिसरा आक्षेप परकेपणाचा. तो घेणाऱ्यांनी एकदा काठी गावची राजवाडी होळी डोळे उघडे ठेवून पाहावी. अक्कलकुवा तालुक्यातल्या त्या होळीत व्रत धरलेले बुध्या आणि बावा अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी काढतात, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप घालतात, कमरेला सुकवलेले भोपळे आणि घुंगरं बांधतात, आणि शेजारी साध्या कपड्यांत उभ्या असलेल्या गाववाल्यांसोबत रात्रभर नाचतात. चितारलेलं माणूस आणि रोजचं माणूस एकाच रिंगणात. सोंगाड्या पार्टी या लोकनाट्याच्या रात्रीतही तेच, आणि तिकडे नाशिक-जव्हारच्या बोहाड्यात मुखवटा चढवलेला देव ओळखीच्या पोरांमधून वाट काढत येतो. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातली सुमारे ६९ टक्के माणसं अनुसूचित जमातींची आहेत. ज्यांच्या मुलांनी हे पाळण्यापासून पाहिलं, त्यांना जिवंत नटाशेजारी काढलेलं पात्र परकं वाटेल, असं म्हणणाऱ्याने या मुलांना ओळखलेलंच नाही. परकी आहे ती भाषा. घरात भिली, पावरी किंवा अहिराणी, शाळेत मराठी आणि टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये हिंदी. हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर सिनेमे न काढणं हे असूच शकत नाही.

काढलेलं पात्र पडद्यावर आणणं मराठीने करून पाहिलेलं आहे, ते विसरता कामा नये. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या चित्रमालिकेतला चिंटू १९९१ मध्ये 'सकाळ' दैनिकात अवतरला आणि मराठी घरांत वाढला. श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ मध्ये त्याला हाडामांसाचा करून पडद्यावर आणलं आणि पुढच्याच वर्षी दुसरा भाग काढला. पहिल्या सिनेमात मुलांच्या खेळायच्या जागेवरच गदा येते. मैदान गमावण्याचं दुःख प्रत्येक गावच्या पोराला ठाऊक असतं, म्हणून तो चिंटू कागदावरच्या चिंटूशी प्रामाणिक राहिला. तेव्हा पुढचा भाग काढणं म्हणजे पात्राचा अवमान, हे विधान मराठीच्या अनुभवावरून तरी टिकत नाही. आणि पैशाचं म्हणाल, तर शेजारचं मालेगाव पाहा. तिथल्या नासिर शेख यांनी हातात पैसा नसताना 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. यंत्रमागावर राबणारा किडकिडीत शफीक त्यांचा सुपरमॅन झाला. हे कसं घडलं ते फैजा अहमद खान यांच्या माहितीपटाने जगाला दाखवलं. अमेरिकन चित्रकथेतला नायक त्यांनी आपल्या धुळीत, आपल्या बोलीत उतरवला. त्याने पात्राचा मान गेला नाही. उलट मालेगावचा वाढला.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. मराठी निर्मात्यांनी चिंटूचा तिसरा सिनेमा काढावा आणि त्यात खेळाडू आणावा. तो क्रिकेटचाच हवा असं अजिबात नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य आणि पुढच्या वर्षी हांगझोला आशियाई सुवर्ण मिळवलं. त्या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी असते. चिंटूच्या टोळीला गोंधळ घालायला याहून चांगली जागा मिळणार नाही. किंवा नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत, जिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य जिंकलं. डोंगरपाड्यावरची मुलगी पडद्यावर धावताना तोरणमाळ-धडगावच्या मुलींनी पाहिली पाहिजे.

अट एकच. खेळाडूने चिंटूच्या गल्लीत पाहुणं म्हणून यावं, चुकावं, हसू करून घ्यावं आणि तिथले नियम पाळावेत. सिनेमा मराठीसोबत अहिराणी, भिली आणि पावरीतही बोलावा. आदिवासी विकास विभागाने तो आश्रमशाळांत दाखवावा. आणि पालकहो, असा सिनेमा निघाला तर जाहिरात म्हणून नाक मुरडण्याआधी मुलांशेजारी बसून तो पुरता पाहा.