मुद्दाम केलेला फाउल : रडीचा डाव?

अमेरिकेतील कॉलेजांच्या बास्केटबॉलमध्ये सामना संपत आला की मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करतो आणि प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो देतो. वेडेपणा वाटतो ना? थोडे गणित करून पाहा.

समजा, तुम्ही ३ गुणांनी मागे आहात, ४० सेकंद उरले आहेत आणि चेंडू त्यांच्याकडे आहे. त्यांनी नियमाप्रमाणे ३० सेकंद चेंडू राखला, तर तुम्हाला उरतात १०. फाउल केला की घड्याळ थांबते. तेथे शंभरापैकी सुमारे ७० फ्री थ्रो पडतात, म्हणजे दोन फेकींना सरासरी १.४ गुण. तुमची तीन गुणांची फेक साधारण तिनांत एकदा पडते, म्हणजे सरासरी १ गुण. सरासरीने तुम्ही आणखी मागेच पडता! पण ३ गुणांनी हरणे आणि १० गुणांनी हरणे सारखेच. हवी असते ती संधी. दोन्ही फ्री थ्रो हुकण्याची शक्यता ०.३ × ०.३, म्हणजे शंभरात ९. निम्मेच नेम साधणारा खेळाडू गाठला तर २५.

म्हणून याला रडीचा डाव म्हणणे मला पटत नाही. नियमाने ठरवलेली किंमत मोजून संघ वेळ विकत घेतो. मित्रांनो, सरासरी जरूर काढा; पण ती कशासाठी हवी, हे आधी ठरवा.