देवाचा आरसा करू नका

"फार वाचले की श्रद्धा जाते," हे वाक्य आपल्या घराघरांतून सहज ऐकू येते. शिकलेला मुलगा विचारतो, "देव आहे हे तुम्हांला कशावरून कळले?" उत्तर मिळते, "असले प्रश्न विचारायचे नसतात." मुलगा गप्प बसतो. पुढे रविवारच्या मिस्सालाही येईनासा होतो, आणि मग दोष पुस्तकांच्या माथी मारला जातो. हा दोषारोप आम्हांला मान्य नाही. त्या मुलाला पुस्तकाने देवळाबाहेर नेलेले नाही. आपल्या उत्तराने नेले आहे.

पुरावा म्हणून आम्ही फ्रान्समधील एका प्रापंचिक कॅथलिकाचे नाव वाचकांपुढे ठेवतो: ज्याँ-ल्युक मारियों. जन्म १९४६ चा. पॅरिसच्या एकोल नॉर्माल स्युपेरियर या नामांकित संस्थेत ते शिकले. तेथे मार्क्सवादी लुई अल्थ्युसेर आणि जॅक देरिदा हे त्यांचे अध्यापक होते. श्रद्धेला यापेक्षा खडतर शाळा कोणती असावी? मारियोंची श्रद्धा तेथे विझली नाही. १९७५ साली 'कम्युनिओ' या कॅथलिक नियतकालिकाची फ्रेंच आवृत्ती सुरू करणाऱ्यांत ते होते. त्याच वर्षी देकार्तवरील त्यांचा पहिला मोठा ग्रंथ निघाला. सॉर्बोन व शिकागो येथे त्यांनी अध्यापन केले. कार्डिनल लुस्तिजे यांच्या निधनाने फ्रेंच अकादमीत रिकाम्या झालेल्या आसनावर २००८ साली त्यांची निवड झाली, आणि २०२० चे रॅट्झिंगर पारितोषिकही त्यांना लाभले. विचार केल्याने श्रद्धा जाते म्हणणाऱ्यांनी या आयुष्याचे काय करावे?

परंतु आमचा खरा वाद याहून खोल आहे. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या 'मूर्ती आणि अंतर' या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात, आणि पुढे १९८२ च्या 'अस्तित्वाविना देव' या ग्रंथात, मारियों मूर्ती आणि पवित्र प्रतिमा यांत भेद करतात. मूर्ती केवळ दगडाची वा लाकडाची असते असे नाही. आपली दृष्टी जेथे थांबते आणि तृप्त होते, ती मूर्ती. ती आरशासारखी असते. तिच्यात आपल्याला आपलीच मर्यादा दिसते. पवित्र प्रतिमेपुढे उलटे घडते. तेथे आपण पाहत नसतो, आपल्याकडे पाहिले जात असते. मारियोंच्या मते मनातली कल्पनाही मूर्ती होऊ शकते. तत्त्वज्ञांनी 'आदिकारण' म्हणून सिद्ध केलेला देवही तसाच, कारण तो आपल्या बुद्धीच्या मापाने बेतलेला असतो.

आता आपण स्वतःकडे पाहू. परदेशच्या नोकरीसाठी नोव्हेना, जागेच्या दाव्यासाठी नवस, परीक्षेच्या निकालासाठी मेणबत्त्या! मागणे हे पाप नव्हे; प्रभूनेच आपल्याला मागायला शिकविले आहे. परंतु मागणे पुरे झाले नाही की देवावर रुसणारे आपण, देवाची भक्ती करतो की आपल्या गरजेची? इतरांच्या मूर्तिपूजेवर बोट ठेवण्यास आपण फार तत्पर असतो. आपल्या मनातल्या मूर्तीला मात्र आपण रोज हार घालतो. प्रश्न विचारणारा मुलगा कदाचित त्या मूर्तीलाच नाकारीत असेल, आणि आपण समजतो की त्याने देवाला नाकारले.

यावर कोणी म्हणेल, "अस्तित्वाविना देव ही भाषा संत थॉमस अक्विनासच्या शिकवणीविरुद्ध नाही काय?" आक्षेप वजनदार आहे. पण मारियों देव नाही असे म्हणत नाहीत. अस्तित्वाच्या आपल्या कल्पनेत देवाला कोंडू नये, संत योहानाने सांगितलेले प्रीती हेच त्याचे पहिले नाव होय, असे ते म्हणतात. शिवाय संत थॉमसविषयीचे आपले आधीचे मत त्यांनी १९९५ साली स्वतःच दुरुस्त केले. आपली चूक छापून दुरुस्त करणारा विद्वान श्रद्धेचा शत्रू नसतो.

ज्या ग्रंथाने एवढी खळबळ माजविली, त्याच ग्रंथात मारियों अम्माऊसच्या वाटेवरील दोघा शिष्यांपाशी थांबतात. शास्त्रलेखांचा अर्थ ऐकूनही त्या दोघांना प्रभू ओळखू आला नाही. भाकर मोडताना ओळखू आला. म्हणून ईश्वरविद्येचे खरे स्थान पवित्र मिस्सा होय, असे हा तत्त्वज्ञ सांगतो. तथापि त्या वाटेवर प्रभूने शिष्यांना गप्प केले नव्हते, हेही आपण विसरू नये. आधी त्यांची निराशा ऐकली, मग उत्तर दिले.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामात महिन्यातून एक संध्याकाळ तरुणांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावी. तेथे धर्मगुरूंनी बसावे आणि आईबापांनीही बसावे. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे आणि पुढच्या महिन्यात वाचून यावे. देवळाच्या रंगरंगोटीला आपण वर्गणी देतो. त्यातला थोडा भाग ग्रंथालयाला दिला तर देऊळ ओस पडणार नाही.