मलिक नेबर्सचा गुडघा आणि "स्वस्तात मिळतंय" हा मोह



आपल्या चॅनलचा एक प्रेक्षक न्यू जर्सीत राहतो. ऑफिसातल्या मित्रांसोबत तो अमेरिकन फुटबॉलची फँटसी लीग खेळतो. त्याने विचारलं, "सर, मलिक नेबर्स यंदा स्वस्तात मिळेल. घेऊ का?" प्रश्न खेळाचा आहे, पण उत्तर शुद्ध धंद्याचं आहे. बंद पडलेली, पण मुळात दणकट असलेली वस्तू किती भावाला घ्यायची, हा तो प्रश्न. म्हणून व्हिडिओत जे घाईत सांगितलं ते इथे नीट मांडतो.

आधी ओळख करून घेऊ. नेबर्स हा न्यूयॉर्क जायंट्सचा वाइड रिसीव्हर. म्हणजे कडेने धावत सुटायचं आणि क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलायचा, हे त्याचं काम. २०२४च्या ड्राफ्टमध्ये तो सहाव्या क्रमांकावर निवडला गेला. २८ सप्टेंबर २०२५ला चार्जर्सविरुद्धच्या सामन्यात त्याच्या उजव्या गुडघ्याचा एसीएल हा लिगामेंट फाटला आणि हंगाम तिथेच संपला. तेव्हा वय होतं फक्त २२.

पहिली गोष्ट : कमाई कुठून येत होती ते बघा

पहिल्या वर्षी नेबर्सने १५ सामन्यांत १०९ झेल, १२०४ यार्ड आणि ७ टचडाउन केले. बहुतेक लीगमध्ये झेलाला १ गुण, १० यार्डांना १ आणि टचडाउनला ६ गुण असतात. हिशोब करा. एकूण साधारण २७१ गुण, म्हणजे सामन्यामागे १८. यातले टचडाउनचे गुण फक्त ४२.

हे महत्त्वाचं का? टचडाउन म्हणजे दिवाळीतली एखादी मोठी ऑर्डर. यंदा आली, पुढच्या वर्षी येईलच असं नाही. झेल म्हणजे रोजचं गिऱ्हाईक. त्या हंगामात नेबर्सकडे १७० वेळा चेंडू फेकला गेला, सामन्यामागे ११ पेक्षा जास्त वेळा. तेही संघ ३-१४ असा हरत असताना आणि क्वार्टरबॅक सारखे बदलत असताना. माल पुरवणारा धड नाही, तरी दुकानात गर्दी. अशा दुकानाला मी पक्कं दुकान म्हणतो.

दुसरी गोष्ट : याआधी काय झालं ते बघा

उदाहरणं दोन्ही बाजूंची घ्यायची. आपल्याला आवडतं तेवढंच उचलायचं नाही.

कूपर कपचा एसीएल नोव्हेंबर २०१८मध्ये गेला. पुढच्याच हंगामात त्याने ९४ झेल, ११६१ यार्ड आणि १० टचडाउन केले. झकास.

क्रिस गॉडविनचा गुडघा डिसेंबर २०२१मध्ये गेला. नऊ महिने पुरे व्हायच्या आत तो मैदानात आला, पहिल्याच सामन्यात मांडीचा स्नायू दुखावला आणि पुढचे दोन सामने बाहेर बसला. नंतर झेल १०४ घेतले, पण दर झेलामागे यार्ड आधीच्या वर्षीच्या ११ वरून १० च्याही खाली आले. म्हणजे गिऱ्हाईक परत आलं, पण प्रत्येकाचं बिल लहान झालं.

जेमसन विल्यम्सचा एसीएल जानेवारी २०२२मध्ये कॉलेजच्या अंतिम सामन्यात गेला. डेट्रॉइट लायन्सने तरीही त्याला बाराव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या हंगामात झेल किती? एक! १००१ यार्डांचा हंगाम आला तो २०२४मध्ये. उशिराचं कारण फक्त गुडघा नव्हतं, मध्ये निलंबनही झालं. पण धीर धरणाऱ्यालाच फळ मिळालं.

आणि टँक डेल. २०२३मध्ये पाय मोडला, २०२४मध्ये परतला आणि त्याच डिसेंबरमध्ये गुडघ्याला फार मोठी इजा झाली. २०२५चा पूर्ण हंगाम गेला. तरुण आहे म्हणजे बरा होणारच, ही गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही.

एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर खेळायला साधारण ९ ते १२ महिने लागतात. हे महिने शस्त्रक्रियेपासून मोजायचे, दुखापतीपासून नाही. सूज उतरेपर्यंत शस्त्रक्रिया बऱ्याचदा काही आठवडे थांबवतात. म्हणून "सप्टेंबर ते सप्टेंबर, वर्ष झालं की!" हा हिशोब कच्चा आहे.

तिसरी गोष्ट : सवलत विक्रीवर नाही, मार्जिनवर मोजा

इथेच बहुतेक लोक फसतात. आता आकडे मी धरतो, तुम्ही तुमचे धरा.

ठणठणीत नेबर्स : १७ सामने, सामन्यामागे १८, एकूण ३०६.
दुखापतीनंतरचा नेबर्स : पहिले ४ सामने बाहेर, पुढचे ६ सामने १४ गुणांनी, शेवटचे ७ सामने १७ गुणांनी. एकूण २०३.

२०३ म्हणजे ३०६ च्या दोन तृतीयांश. मग कोणीही म्हणेल, ४५ डॉलरचा खेळाडू ३० ला घ्या, सौदा बरोबर. पण थांबा. लिलाव संपल्यावर उरलेल्यांतून कोणीही फुकटात उचला, तो सामन्याला ९ गुण देतोच. त्या ९ साठी पैसे का मोजायचे? पैसे वरच्या गुणांचे मोजायचे.

ठणठणीत असता तर वरचे गुण ९ गुणिले १७, म्हणजे १५३. आता वरचे गुण ६ वेळा ५ आणि ७ वेळा ८, म्हणजे ८६. हे निघाले ५६ टक्के. ४५ चा माल ३० ला नाही, २५ ला घ्यायचा. स्वस्त वाटणारा ३० चा भाव खरं तर महाग आहे!

जुनं मशीन घेताना हेच होतं बघा. "नवीन तीन लाखाचं, हे दोन लाखात" एवढंच आपण ऐकतो. हातातल्या मशीनपेक्षा ते जास्त किती कमावून देईल, हे विचारतच नाही.

माझं मत

एका वर्षाची लीग असेल तर २५ पर्यंत बोली लावा, २६ ला हात खाली. पहिल्या फेरीच्या भावाने तर अजिबात नको. खेळाडू पुढच्या वर्षीही आपल्याकडे राहणारी लीग असेल आणि तो आधीच तुमच्याकडे असेल, तर घाबरून विकू नका. २२व्या वर्षी जखमी झालेल्याची कमाईची बरीच वर्षं बाकी असतात. त्यात जॅक्सन डार्ट हा तरुण क्वार्टरबॅक पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला तो नेमका नेबर्स पडला त्याच सामन्यात. ही जोडी अजून नीट खेळलेलीच नाही.

घेतलात तर बाकावर दुसरा रिसीव्हर ठेवाच. पहिल्या महिन्यात गुण नाहीत म्हणून आरडाओरडा करायचा नाही. गुण बघू नका, त्याच्याकडे किती वेळा चेंडू फेकला जातोय ते बघा. गिऱ्हाईक दुकानात येतंय ना? मग बिल वाढेल.

आणि हो, हे मित्रांमधल्या खेळाबद्दल आहे. आपल्याकडे २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम बंद झाल्या आहेत. भांडवल धंद्यात लावा.

या आठवड्याचं काम : तुमच्या डोळ्यासमोर "स्वस्तात मिळतंय" असं काय आहे? गाळा, मशीन, चालू हॉटेल, काहीही. कागदावर तीन आकडे लिहा. ते न घेता महिन्याला किती सुटतात, घेतल्यावर किती सुटतील, आणि पूर्ण चालू व्हायला किती महिने लागतील. तिसरा आकडा लिहिता येत नसेल, तर टोकन देऊ नका.