किमतीची चिठ्ठी



आईबरोबर बाजारात गेलात की घासाघीस ऐकता ना? "पन्नास फार होतात हो, चाळीसला द्या!" साधारण पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या दुकानांतही असंच चालायचं. माल दुकानदाराच्या पाठीमागे, फळ्यांवर. गिऱ्हाईक बघून तो भाव सांगणार. एखादा भोळा माणूस आला, की फसलाच म्हणून समजा!

मग न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर स्ट्युअर्ट या व्यापाऱ्याने १८४६ साली एक भलंमोठं संगमरवरी दुकान उघडलं. तिथे घासाघीस नाही, सगळ्यांना एकच भाव. फिलाडेल्फियात जॉन वानामेकर यांनी १८७६ साली चक्क रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यात दुकान थाटलं. वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावायची आणि माल पसंत नसेल तर पैसे परत, ही पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. १८७९ साली फ्रँक वूलवर्थ यांनी तर लँकेस्टर गावात 'काहीही घ्या, पाच सेंट' असं दुकान काढलं. माल उघड्यावर मांडलेला. हात लावून बघा आणि घ्या!

आता भाव सगळ्यांना सारखा झाला. पण वागणूक? ती नव्हती, मुलांनो.

१ फेब्रुवारी १९६० ची गोष्ट. ग्रीन्सबरो शहरातल्या वूलवर्थच्या दुकानात कॉलेजातले चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गेले. टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू घेतल्या, पैसे दिले. मग त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसून त्यांनी कॉफी मागितली. उत्तर मिळालं, "इथे फक्त गोऱ्यांना." एका काउंटरवर यांचे पैसे चालतात, दुसऱ्यावर माणूस चालत नाही!

चौघं भांडले नाहीत. दुकान बंद होईपर्यंत नुसते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. अखेर २५ जुलैला तो काउंटर सर्वांना खुला झाला.

वूलवर्थची अमेरिकेतली दुकानं १९९७ साली बंद झाली. ग्रीन्सबरोच्या त्या इमारतीत आज संग्रहालय आहे.

पुढच्या वेळी दुकानात गेलात की वस्तूवरची किंमत जरूर वाचा. आणि तुमच्या आधीपासून फाटक्या चपलांतलं एखादं मूल ताटकळत उभं असेल, तर मोठ्याने सांगा, "काका, आधी याचा नंबर!"